टाइम (इंग्रजी शब्द)

'टाइम' हे इंग्रजी भाषेतील एक नाम आहे. वेळ, काळ, खेप, पट, घड्याळात वाजलेली वेळ, मुदत आणि संगीतातील ताल असे अनेक अर्थ त्याने व्यक्त होतात. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २००६ साली इंग्रजी लेखनाच्या मोठ्या संग्रहाची मोजणी केली, तेव्हा 'टाइम' हे इंग्रजीत सर्वाधिक वापरले जाणारे नाम असल्याचे आढळले. जर्मन भाषेत या शब्दाला एकच प्रतिशब्द नाही. अर्थानुसार 'त्साइट', 'माल', 'ऊअर', 'टाक्ट' किंवा 'फ्रिस्ट' यांपैकी एक शब्द निवडावा लागतो. चुकीचा शब्द निवडल्यास वाक्य केवळ बोजड होत नाही, तर बहुधा त्याचा अर्थच बदलतो. मराठीत या अर्थांची वाटणी बऱ्याच अंशी जर्मनप्रमाणेच झालेली असल्याने मराठी भाषकांच्या दृष्टीने ही तुलना विशेष उपयुक्त ठरते.

व्याकरण

इंग्रजीत 'टाइम' हे नाम दोन प्रकारे चालते. सलग वाहणाऱ्या काळाच्या अर्थी ते अगणनीय असते व त्याचे अनेकवचन होत नाही. प्रसंग किंवा खेप या अर्थी ते गणनीय असते आणि त्याचे 'टाइम्स' हे अनेकवचन होते. वेळ मोजणे किंवा एखादी गोष्ट योग्य वेळी घडवून आणणे या अर्थाने त्याचा क्रियापद म्हणूनही उपयोग होतो.

जर्मन प्रतिशब्दांची लिंगे वेगवेगळी आहेत. 'त्साइट', 'ऊअर' आणि 'फ्रिस्ट' ही स्त्रीलिंगी, 'माल' हे नपुंसकलिंगी, तर 'टाक्ट' हे पुल्लिंगी नाम आहे. त्यामुळे प्रतिशब्द बदलला की त्याच्या आधी येणारे उपपद आणि विशेषणाचा प्रत्ययही बदलतो.

व्युत्पत्ती

'टाइम' हा शब्द प्राचीन इंग्रजीतील 'टीमा' या शब्दापासून आला. त्याच काळात इंग्रजीत 'टीड' हा दुसरा शब्द वेळेसाठी प्रचलित होता. हे दोन्ही शब्द विभागणे, वाटून देणे या अर्थाच्या एकाच इंडो-युरोपीय धातूपासून निघाले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतमधील 'दयते' (वाटून देतो) हे रूप त्याच धातूशी जोडले जाते. काळ म्हणजे वाटून घेतलेला भाग, ही कल्पना या शब्दांच्या मुळाशी आहे.

पुढे इंग्रजीत 'टाइम' या शब्दाने 'टीड' या शब्दाची जागा घेतली. 'टीड'चे आधुनिक रूप 'टाइड' हे असून त्याचा अर्थ समुद्राच्या भरती-ओहोटीपुरता मर्यादित झाला. नाताळच्या पर्वासाठी वापरल्या जाणाऱ्या 'ख्रिसमसटाइड' यासारख्या जुन्या शब्दांत मात्र त्याचा मूळ अर्थ टिकून आहे. जर्मनमध्ये याच्या उलट घडले. 'टीड'चा सगोत्र असलेला 'त्साइट' हाच तेथे वेळेचा मुख्य शब्द राहिला. भरती-ओहोटीसाठी जर्मनमध्ये 'गेत्साइटेन' हा त्यावरूनच बनलेला शब्द आहे, तर वृत्तपत्रासाठी असलेला 'त्साइटुंग' हा शब्द वार्ता या अर्थाच्या इंग्रजी 'टाइडिंग्ज'शी नाते सांगतो. डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत 'टाइम'च्या सगोत्र शब्दाचा अर्थ 'तास' असा झाला आहे.

'माल' हा शब्द मोजणे या अर्थाच्या धातूपासून आला असून संस्कृत 'मात्रा' आणि मराठी 'माप' हे शब्द त्याच कुळातील आहेत. ठरलेली वेळ या अर्थावरून ठरलेल्या वेळचे जेवण असाही अर्थ त्याला प्राप्त झाला. जेवण या अर्थाचा इंग्रजी 'मील' आणि जर्मनमधील समोच्चारी 'माल' (जेवण) हे त्याचेच अवशेष होत. जर्मनमध्ये या दोन शब्दांचे स्पेलिंग वेगळे आहे, उच्चार मात्र सारखाच आहे.

'ऊअर' हा शब्द मूळचा जर्मन नाही. ग्रीक 'होरा' हा शब्द लॅटिनमध्ये गेला आणि तेथून फ्रेंचमार्गे जर्मनमध्ये 'ऊअर' व इंग्रजीत 'अवर' या रूपांनी पोहोचला. हाच ग्रीक शब्द ज्योतिषाबरोबर भारतातही आला व संस्कृतमध्ये 'होरा' म्हणून रुळला. मराठीत 'होरा' म्हणजे अंदाज किंवा भाकीत असाही अर्थ आहे. त्यामुळे जर्मन माणसाचे घड्याळ आणि मराठी ज्योतिषाचा होरा यांचे मूळ एकच ठरते.

अर्थ आणि जर्मन प्रतिशब्द

वाहणारा काळ व कालावधी: 'त्साइट'

वेळ असणे, वेळ लागणे, वेळ वाया जाणे अशा सर्व ठिकाणी 'त्साइट' हा शब्द येतो. 'माझ्याकडे वेळ नाही' या वाक्यात तो जसा चालतो, तसाच युग किंवा कालखंड या अर्थीही चालतो. अश्मयुगाला 'श्टाइनत्साइट', हिमयुगाला 'आइसत्साइट' आणि ऋतूला 'यारेसत्साइट' म्हणतात. काळाचा एखादा बिंदू दाखवायचा असल्यास 'त्साइटपुंक्ट' आणि दोन बिंदूंमधील अवधी दाखवायचा असल्यास 'त्साइटराउम' हे अधिक नेमके शब्द वापरले जातात. थोडा वेळ या अर्थी 'वायले' हा शब्दही आहे. तो इंग्रजी 'व्हाइल'चा सगोत्र होय.

खेप व पट: 'माल'

एखादी गोष्ट किती वेळा घडली हे सांगताना 'त्साइट' चालत नाही. 'पहिल्यांदा', 'पुढच्या वेळी', 'दर वेळी', 'तीन वेळा' या सर्व ठिकाणी 'माल' वापरावा लागतो. संख्येला जोडून आल्यास तो एकाच शब्दात व लहान आद्याक्षराने लिहितात: 'आइनमाल' (एकदा), 'त्स्वाइमाल' (दोनदा), 'ड्राइमाल' (तीनदा). स्वतंत्र नाम म्हणून आल्यास त्याचे आद्याक्षर मोठे असते. 'मांशमाल' (कधीकधी) आणि 'डामाल्स' (त्या काळी) या नित्याच्या क्रियाविशेषणांतही हाच शब्द दडलेला आहे.

तुलना आणि गुणाकार यांसाठीही जर्मनमध्ये 'माल'च येतो. 'दिवसातून पाच वेळा', 'पाचपट मोठा' आणि 'पाच गुणिले तीन' या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत 'टाइम्स', तर जर्मनमध्ये 'माल' असतो. मराठीत येथे तीन निराळे शब्द लागतात आणि पाढ्यांत तर 'पाच त्रिक पंधरा' अशी स्वतंत्र परिभाषाच आहे. या बाबतीत मराठी ही जर्मनपेक्षाही अधिक भेद करते.

स्मारक या अर्थाच्या 'डेंकमाल' या शब्दातील 'माल'चा अर्थ खूण असा आहे. तेथे खेपेचा काही संबंध नाही.

घड्याळातील वेळ: 'ऊअर'

किती वाजले हे विचारताना व सांगताना 'ऊअर' हा शब्द येतो. 'वी फील ऊअर इस्ट एस?' आणि 'वी श्पेट इस्ट एस?' हे दोन्ही प्रश्न 'किती वाजले?' या अर्थाचे आहेत. दुसऱ्या प्रश्नाचा शब्दशः अर्थ 'किती उशीर झाला आहे?' असा होतो, परंतु त्यात उशिराची तक्रार अभिप्रेत नसते.

'ऊअर'चा दुसरा अर्थ घड्याळ असा आहे. तास या कालमापनासाठी मात्र 'श्टुंडे' हा वेगळा शब्द आहे. त्यामुळे 'त्स्वाइ ऊअर' म्हणजे दोन वाजता, 'त्स्वाइ ऊअरेन' म्हणजे दोन घड्याळे आणि 'त्स्वाइ श्टुंडेन' म्हणजे दोन तास.

ताल: 'टाक्ट'

संगीतातील 'टाइम'ला जर्मनमध्ये 'टाक्ट' म्हणतात. वॉल्ट्झ नृत्याचा तीन मात्रांचा ताल हा 'ड्राइफिअर्टेलटाक्ट' होय. ताल धरणे या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारात 'टाइम' असतो, जर्मनमध्ये मात्र 'टाक्ट' असतो. ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांच्या वेळापत्रकालाही याच शब्दावरून 'टाक्टफारप्लान' म्हणतात.

मुदत व नेमलेली वेळ: 'फ्रिस्ट' आणि 'टेर्मीन'

एखादे काम पूर्ण करण्यासाठी दिलेल्या अवधीस 'फ्रिस्ट' म्हणतात. मराठीतील 'मुदत' हा त्याचा नेमका प्रतिशब्द आहे. भेटीसाठी किंवा सुनावणीसाठी नेमलेल्या दिवसाला व वेळेला 'टेर्मीन' म्हणतात. हा भेद केवळ शैलीचा नाही. १ जानेवारी १९०० रोजी अमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेत या दोन संकल्पनांसाठी स्वतंत्र विभाग (कलम १८६ ते १९३) असून मुदत केव्हा सुरू होते व केव्हा संपते याचे नियम त्यात दिले आहेत. भाडेकरार, नोकरीचा राजीनामा किंवा शासकीय पत्र यांच्या अनुवादात 'फ्रिस्ट'च्या जागी 'त्साइट' हा सैल शब्द वापरल्यास कायदेशीर बंधनाचा अर्थ हरवतो.

व्याकरणातील काळ

क्रियापदाच्या काळासाठी इंग्रजीत 'टाइम' न वापरता 'टेन्स' हा शब्द वापरतात. तो लॅटिन 'टेम्पुस' (काळ) या शब्दापासून आला आहे. जर्मनमध्ये 'टेम्पुस' हा लॅटिन शब्द तसाच घेतला असून शालेय पुस्तकांत 'त्साइटफॉर्म' हा देशी शब्दही आढळतो. क्रियापदालाही जर्मन शाळांत 'त्साइटवोर्ट' म्हणजे 'काळाचा शब्द' म्हणतात.

वाक्प्रचारांचे अनुवाद

अनेक इंग्रजी वाक्प्रचारांतील 'टाइम' जर्मनमध्ये येताना पूर्णपणे नाहीसा होतो किंवा त्याचे रूप पालटते. काही नेहमीची उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत.

- ठरल्या वेळी (इंग्रजी 'ऑन टाइम'): 'प्युंक्टलिश'. यात 'पुंक्ट' म्हणजे बिंदू हा शब्द आहे.
- उशीर होण्याआधी, वेळेत (इंग्रजी 'इन टाइम'): 'रेश्टत्साइटिश'.
- एकाच वेळी: 'ग्लाइशत्साइटिश'.
- अधूनमधून: 'फोन त्साइट त्सू त्साइट' किंवा 'आप उंट त्सू'.
- तूर्तास: 'फोरएअर्स्ट'.
- एकेक करून: 'आइनर नाख डेम आंडेरेन', म्हणजे एकामागून एक.
- मौज करा, मजेत वेळ घालवा: 'फील श्पास'. येथे वेळेचा उल्लेखच नसतो.
- कारावास भोगणे (इंग्रजी बोलभाषेत 'डुइंग टाइम'): 'झित्सेन', म्हणजे शब्दशः बसणे.
- एकदा काय झाले (परीकथेचा आरंभ): 'एस वार आइनमाल'. ग्रिम बंधूंच्या १८१२ पासून प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहातील अनेक कथा याच शब्दांनी सुरू होतात.

वेळ म्हणजे पैसा या अर्थाची उक्ती मात्र दोन्ही भाषांत शब्दशः जुळते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४८ मध्ये तरुण व्यापाऱ्याला उद्देशून केलेल्या लेखनात ती आढळते. जर्मनमध्ये ती 'त्साइट इस्ट गेल्ट' अशी रूढ आहे.

गोंधळ निर्माण करणारे शब्द

वेळ आहे का आणि किती वाजले: इंग्रजीत 'वेळ आहे का?' आणि 'किती वाजले?' या दोन प्रश्नांत केवळ एका उपपदाचा फरक असू शकतो. 'टाइम'च्या आधी 'द' आले की दुसरा अर्थ होतो. जर्मनमध्ये 'हाबेन झी त्साइट?' याचा अर्थ 'आपल्याला सवड आहे का?' एवढाच होतो. रस्त्यात अनोळखी व्यक्तीला किती वाजले हे विचारण्यासाठी हे वाक्य वापरल्यास भलताच प्रश्न विचारला जातो.

अर्ध्या तासाची गणना: जर्मनमध्ये 'हाल्प आख्ट' (शब्दशः अर्धे आठ) म्हणजे साडेसात. आठवा तास अर्धा झाला आहे, असा त्याचा हिशेब असतो. ब्रिटिश बोलभाषेत मात्र 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसात. म्हणून 'हाफ सेव्हन'चा अनुवाद 'हाल्प झीबेन' असा केल्यास साडेसहा असा अर्थ होतो आणि भेटीच्या वेळेत पूर्ण एका तासाचा फरक पडतो. जर्मनीच्या पूर्व व दक्षिण भागांत 'फिअर्टेल आख्ट' म्हणजे सव्वासात आणि 'ड्राइफिअर्टेल आख्ट' म्हणजे पावणेआठ असेही म्हटले जाते.

विवाह आणि योग्य वेळ: 'हॉखत्साइट' या शब्दाचे घटक 'उच्च' आणि 'वेळ' असे आहेत. मध्ययुगीन जर्मनमध्ये त्याचा अर्थ मोठा सण असा होता. आज तो विवाह या अर्थानेच वापरला जातो. 'आता फार उशीर होण्याआधी केलेच पाहिजे' या अर्थाच्या 'हाय टाइम' या इंग्रजी प्रयोगासाठी 'ह्योश्स्टे त्साइट' असे म्हणावे लागते.

भोजन आणि अभिवादन: 'मालत्साइट' म्हणजे जेवण. दुपारच्या सुमारास कार्यालयांत व कारखान्यांत भेटणारे सहकारी एकमेकांना अभिवादन म्हणूनही हा शब्द उच्चारतात.

वेळापत्रक: इंग्रजी 'टाइमटेबल'साठी जर्मनमध्ये किमान तीन शब्द आहेत. गाड्यांच्या वेळापत्रकाला 'फारप्लान', शाळेच्या वेळापत्रकाला 'श्टुंडेनप्लान' आणि कामाच्या नियोजनाला 'त्साइटप्लान' म्हणतात.

मराठीशी तुलना

मराठीत 'वेळ' हा शब्द पुल्लिंगी व स्त्रीलिंगी अशा दोन्ही प्रकारे चालतो आणि लिंगानुसार त्याचा अर्थ बदलतो. 'माझा वेळ वाया गेला' यात पुल्लिंगी 'वेळ' कालावधी दाखवतो. 'जेवायची वेळ झाली' यात स्त्रीलिंगी 'वेळ' नेमका क्षण किंवा प्रसंग दाखवते. 'तीन वेळा' यात अनेकवचनी रूप खेपांची संख्या दाखवते. घड्याळासाठी तर 'वाजणे' हे स्वतंत्र क्रियापद आहे. इंग्रजी 'टाइम'मध्ये एकत्र आलेले अर्थ मराठीत असे आधीच वेगळे झालेले आहेत.

त्यामुळे इंग्रजीतून जर्मनकडे न जाता मराठीतून थेट गेल्यास प्रतिशब्दाची निवड बरीच सोपी होते. मराठी वाक्यात 'तो वेळ' असल्यास बहुधा 'त्साइट', 'वेळा', 'दा', 'पट' किंवा 'खेप' असल्यास 'माल', 'वाजले' किंवा 'वाजता' असल्यास 'ऊअर', 'मुदत' असल्यास 'फ्रिस्ट' आणि 'ताल' असल्यास 'टाक्ट' येतो. 'ती वेळ' मात्र संदर्भ पाहून ठरवावी लागते. 'जाण्याची वेळ झाली' येथे 'त्साइट', तर 'मागच्या वेळी' येथे 'माल' येतो. पुणे व मुंबई येथील माक्स म्युलर भवनांत तसेच महाविद्यालयांत जर्मन शिकणाऱ्या, पण इंग्रजी कोशांवर अवलंबून असणाऱ्या विद्यार्थ्यांना हा निकष उपयोगी पडतो.

अर्ध्या भागाच्या गणनेतही एक साम्य आहे. मराठी 'साडे' हा संस्कृत 'सार्ध' म्हणजे 'अर्ध्यासह' या शब्दापासून आला असून तो झालेल्या तासांत अर्धा मिळवतो. याउलट 'अडीच' हा शब्द 'अर्धतृतीय' म्हणजे 'ज्यातील तिसरा अर्धा आहे' या संस्कृत शब्दापासून आला. जर्मन 'हाल्प ड्राइ' (अडीच वाजता) याची रचना नेमकी अशीच आहे. अडीचच्या मागील हा हिशेब लक्षात घेतल्यास जर्मन घड्याळाची रीत परकी वाटत नाही.

'वेळ' हा शब्द संस्कृत 'वेला'पासून आला. 'वेला' या शब्दाला मर्यादा, वेळ, समुद्रकिनारा आणि भरती असे अर्थ आहेत. गोव्यातील कोंकणीत समुद्रकिनाऱ्याला आजही 'दर्यावेळ' म्हणतात. इंग्रजी 'टाइड' आणि जर्मन 'गेत्साइटेन' यांत दिसणारा वेळ व समुद्र यांचा संबंध अशा रीतीने भारतीय भाषांतही आढळतो, जरी या शब्दांचे मूळ परस्परांपासून भिन्न आहे.

'टाइम' हा शब्द स्वतः मराठी बोलण्यात पूर्णपणे रुळला आहे. भारतीय इंग्रजीत घडलेला 'टाइमपास' हा शब्द मराठीतही सर्रास वापरला जातो आणि २०१४ साली या नावाचा मराठी चित्रपटही प्रदर्शित झाला. जर्मनमध्ये त्यासाठी 'त्साइटफरट्राइप' हा शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'वेळ हाकलून लावणे' असा होतो. नोकरीच्या संदर्भातील 'पार्टटाइम'ला 'टाइलत्साइट' आणि 'ओव्हरटाइम'ला 'यूबरश्टुंडेन' (जादा तास) म्हणतात.

विज्ञान, साहित्य व वृत्तपत्रे

भौतिकशास्त्रात 'टाइम' या संज्ञेचा प्रतिशब्द 'त्साइट' हाच आहे. गणितज्ञ हेर्मान मिंकोव्स्की यांनी १९०८ मध्ये कोलोन येथे 'राउम उंट त्साइट' (अवकाश आणि काळ) या विषयावर व्याख्यान दिले. अवकाश व काळ यांच्या एकत्रित संकल्पनेसाठी 'राउमत्साइट' हा जोडशब्द रूढ आहे. मार्टिन हायडेगर यांचा 'झाइन उंट त्साइट' हा तत्त्वज्ञानविषयक ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन' (१८९५) ही कादंबरी जर्मनमध्ये 'दी त्साइटमशीने' या नावाने ओळखली जाते. मिशाएल एंडे यांच्या 'मोमो' (१९७३) या कादंबरीत माणसांचा वेळ चोरणाऱ्या करड्या गृहस्थांची कथा आहे.

उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करण्याची पद्धत जर्मनीने ३० एप्रिल १९१६ रोजी देशभर लागू केली. तिला 'झॉमरत्साइट' म्हणतात. उन्हाळ्याचा ऋतू या अर्थीही हाच शब्द वापरला जातो.

वृत्तपत्रांच्या नावांत 'टाइम्स' हा अनेकवचनी शब्द लंडनच्या 'द टाइम्स'मुळे रूढ झाला. मुंबईत १८३८ मध्ये सुरू झालेल्या 'बॉम्बे टाइम्स'चे १८६१ मध्ये 'द टाइम्स ऑफ इंडिया' असे नामांतर झाले आणि १९६२ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स' हे मराठी दैनिक सुरू झाले. हँबुर्ग येथून १९४६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या जर्मन साप्ताहिकाचे नाव मात्र एकवचनी, म्हणजे 'दी त्साइट' असे आहे.

हेही पाहा

- काळ (व्याकरण)
- जर्मन भाषा
- इंग्रजी भाषा
- इंडो-युरोपीय भाषासमूह
- प्रमाणवेळ